रंगाखालचा रंधा

2019 च्या पुरात कृष्णेचं पाणी घरात शिरलं. सागवानी दारं फुगून चौकटीत बसेनात, तेव्हा पहिल्यांदा रंधा हातात धरला. तेव्हापासून जुने लोखंडी रंधे आणायचे, गंज काढायचा, पातं लावायचं, हा नादच लागला. चार-पाच नीट केले होते, त्यामुळे आपल्याला कळतं असं वाटत होतं.

गेल्या पावसाळ्यात सांगलीतल्याच एका जुन्या सामानवाल्याकडे पाच नंबरचा, चौदा इंची रंधा दिसला. काळा चकचकीत रंग, मुठीला ताजं पॉलिश. "विलायती माल आहे ओ साहेब, साठ वर्षांचा." पातं टेकतं तो तिरपा ठोकळा, म्हणजे फ्रॉग, काढून बघतो म्हणालो, तर म्हणाला, "स्क्रू जाम झालेत. घरी रॉकेलमध्ये टाकून ठेवा." 2,800 रुपये मोजले.

घरी स्क्रू एका झटक्यात सुटले. जाम-बिम काही नव्हते.

पातं धार लावून चालवलं तर सागवानावर पायऱ्या पायऱ्या उठल्या. पातं थरथरत होतं. फ्रॉगच्या बुडाला मार्करची शाई लावून तो जागेवर दाबला, तर शाई एकाच कोपऱ्यात उमटली. फ्रॉग जिथं बसतो त्या बैठकीवर रंगाचा जाड थर होता. तो खरवडला तर खाली मशिनिंगच धड नव्हतं, ग्राइंडरवर कसंबसं घासलेलं. तोंडाची फट, म्हणजे तळातून पातं बाहेर येतं ती जागा, गुण्याला (काटकोनात) लागत नव्हती, एका बाजूला कागद जाईना, दुसऱ्या बाजूला नाणं जाईल. तळाला एका जागी वायर ब्रश लागला आणि करडा तुकडा निघून आला. बिडातल्या पोकळीत एम-सील भरून वरून घासलेलं होतं!

शेजारचे अण्णा किर्लोस्करवाडीला फाउंड्रीत होते. त्यांनी रंधा उलटा करून हातोडीनं हलकेच ठोकला. "आवाज बद्द येतोय. ओतताना वायू अडकला असणार, नाहीतर कुठंतरी तडा आहे." तळ मध्ये खोलगटही झाला होता. तो का, तर ओतलेलं बीड ताण निघून जाईपर्यंत ठेवून मग मशिनवर घ्यायला हवं, घाई केली की नंतर ते वाकतं. विलायती कसला, कुठल्यातरी कारखान्यातला रिजेक्ट माल होता. पात्यावर कानस घासली, तर ती घसरण्याऐवजी धरली. म्हणजे पातंही मऊ.

एक गोष्ट मात्र माझीच चूक. पात्याची खोली कमीजास्त करायचं पितळी चाक अर्धा-पाऊण फेरा मोकळं फिरत होतं, तेही मी दोषांत धरलं होतं. बेली पद्धतीच्या, म्हणजे असं चाक फिरवून पातं खालीवर करायच्या रंध्यात तेवढी ढिलाई असतेच, आणि त्या चाकाचे आटे उलटे असतात. तळाच्या मध्ये बारीक खोलगटपणा असला तरी बिघडत नाही, पुढचं टोक, तोंडाच्या लगतची पट्टी आणि मागचं टोक एका पातळीत असलं की काम होतं. गंजाची तर भीतीच धरू नये, तो निघतो. बैठक वाकडी आणि बिडात पोकळी असेल तर मात्र घरी बसून काही होत नाही. मी बैठक कानसीनं सपाट करायला दोन रविवार घालवले, पण फट आणखी वाकडी झाली.

परत घेऊन गेलो. "घेताना बघून घ्यायचं की ओ," एवढंच उत्तर. पावती नव्हती, मागितलीच नव्हती.

जुना रंधा घेताना स्क्रू ड्रायव्हर, छोटी पोलादी पट्टी आणि मार्कर खिशात ठेवा. पट्टी तळावर तिरपी धरून उजेडाकडे बघा. ताजा रंग दिसला तर तो कुठं कुठं लागलाय ते बघा, फ्रॉगच्या बैठकीवर रंग म्हणजे मामला गडबडीचा.

महिन्यानं त्याच दुकानावरून जात होतो. गोणपाटावर तसाच काळा चकचकीत रंधा मांडलेला, आणि एक कॉलेजचा पोरगा तो हातात घेऊन उभा. मी म्हणालो, "फ्रॉग काढून बघ आधी." दुकानदारानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "स्क्रू जाम आहेत त्याचे," म्हणाला.

मी खिशातला स्क्रू ड्रायव्हर त्या पोराच्या हातात दिला.