४२ हजारांचा ‘जर्मन’ हॅमर : जुनी स्टीम खेळणी घेणाऱ्यांनी हे नक्की वाचा

नमस्कार मंडळी. बरेच महिने लिहू की नको असं चाललं होतं, शेवटी बायको म्हणाली अहो लिहून टाका, निदान अजून कुणाचे पैसे जायचे वाचतील, म्हणून लिहितोय. लांब होईल, पण ज्यांना जुन्या स्टीम इंजिनाच्या खेळण्यांचा आणि त्यावर चालणाऱ्या छोट्या मशीनचा नाद आहे त्यांनी पूर्ण वाचा.

मी ठाण्याचा, नौपाड्यात राहतो, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये ३१ वर्षं काढली. वाफेचं वेड लहानपणापासून. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी आमच्या ठाण्यात आली, साहिब सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं तिला होती, हे आजोबांनी इतक्या वेळा सांगितलंय की मला ते शाळेत शिकावंच लागलं नाही. मग मामा इंग्लंडहून आला तेव्हा त्याने मॅमॉडचं छोटं इंजिन आणलं, आणि त्या दिवसापासून आजपर्यंत ते माझ्याकडे चालू अवस्थेत आहे. मॅमॉड म्हणजे बर्मिंगहॅमची कंपनी, जेफ्री मॅलिन्स यांनी १९३७ मध्ये सुरू केलेली. पितळी बॉयलर, खाली स्पिरिटचा दिवा, आणि सिलिंडर स्वतःच पाळण्यासारखा मागेपुढे डोलतो, डोलताना त्याचं भोक मागच्या प्लेटच्या भोकासमोर आलं की वाफ आत, पुढे सरकलं की वाफ बाहेर, वेगळा व्हॉल्व्ह वगैरे काही नाही. फ्लायव्हीलच्या बाजूला एक खाचेची पुली असते, तिच्यावर स्प्रिंगचा बारीक पट्टा चढवायचा आणि समोर छोटी करवत, ग्राइंडर, पंप, ड्रॉप हॅमर (वर उचलून खाली पडणारा घण) असं काहीही ठेवून चालवायचं.

खरी मजा या समोर ठेवायच्या वस्तूंची आहे आणि त्याच मिळत नाहीत. इंजिन महाग म्हणून लोकांनी खोक्यात जपून ठेवलं, ही तळहाताएवढी पत्र्याची मशीनं मात्र पोरांनी तोडली, हरवली, भंगारात गेली. न्यूरेंबर्गच्या बिंग, डॉल, फ्लाइशमन या कंपन्यांनी काय एकेक वस्तू केल्या होत्या, लोहार घण मारतोय, कारंजं उडतंय, पवनचक्की फिरतेय. बिंग तर १९३०च्या दशकाच्या सुरुवातीलाच बुडाली, म्हणजे तिचं जे काही शिल्लक आहे ते तेवढंच.

मिळत नाही म्हणून मग मी बनवायला लागलो. फोटो बघायचा, मापं काढायची, आणि घरच्या छोट्या लेथवर आणि कानशीने जसंच्या तसं उभं करायचं. पत्रा मी तेलाच्या १५ किलोच्या डब्याचा वापरतो कारण तो पातळ असतो, छान वळतो आणि सोल्डर पटकन धरतो. शाफ्टला सायकलचा स्पोक. रिटायर झाल्यावर तर रोज सकाळी दोन तास हेच.

आता मुद्द्यावर येतो.

२०२१ च्या दिवाळीच्या आसपास नेरूळहून एकाचा फोन आला, माझं नाव त्याला ओळखीतून मिळालं होतं. गोड बोलणारा माणूस, काका काका करून. म्हणाला माझ्याकडे बिंगची तीन मशीनं होती, खालचे पत्रे गंजून गेलेत, फोटो देतो, नवीन करून द्याल का, मला फक्त शोकेसमध्ये ठेवायचीत. एक ड्रॉप हॅमर, एक गोल करवत, एक ग्राइंडर. मी दोन महिने खपून तिन्ही केली. एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती, तो म्हणाला रंग लावू नका काका, मी मॅच करून घेतो, आणि खाली तुमचं नाव वगैरे पंच करू नका, शोकेसला बरं दिसत नाही. मला वाटलं हौशी माणूस आहे, असेल त्याची आवड. तिन्हीचे मिळून साडेनऊ हजार घेतले आणि विसरून गेलो.

२०२४ च्या फेब्रुवारीत एका ओळखीच्या ग्रुपवर फोटो आला. बिंगचा ड्रॉप हॅमर, न्यूरेंबर्ग, १९२८ चा, लोणावळ्याच्या एका जुन्या पारशी बंगल्यातून निघालेला, सोबत त्या काळातला सूचनांचा कागद. किंमत ५५ हजार. विकणारा वेगळाच, नंबर वेगळा. मी फोन केला तर म्हणाला सर, बंगलोरचे दोघं मागे लागलेत, पण तुम्ही चालवणारे आहात म्हणून तुम्हाला आधी विचारतो. घासाघीस करून ४२ वर आला. २० हजार तेव्हाच यूपीआयने घेतले, अडवून ठेवण्यासाठी म्हणून, आणि बाकीचे २२ हजार हातात रोख. भेटायचं कुठे तर वाशी स्टेशनबाहेर, संध्याकाळी साडेसातला. मी म्हटलं ठाण्याला घरी या, चहा घ्या, इंजिनावर चालवून बघू, तर म्हणे आज रात्रीची पुण्याची गाडी आहे सर.

तिथे त्या उजेडात मी काय बघणार होतो. तपकिरी काळपट रंग, कडेला लाल रेघ, जागोजागी गंज, खांबांना निकेल, आणि पुढे ‘जीबीएन’ अक्षरांचा बिंगचा छोटा शिक्का. हातात घेतल्यावर छाती धडधडायला लागली हो, इतकी वर्षं फोटोत बघितलेली वस्तू. पैसे दिले आणि ट्रान्स हार्बरच्या गाडीत ती पिशवी मांडीवर धरून ठाण्याला आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॉयलरमध्ये गरम पाणी घातलं, दिवा लावला, स्प्रिंगचा पट्टा चढवला. हॅमर कसा चालतो ते सांगतो, शाफ्टवर एक चकती असते, तिला तीन पिना, प्रत्येक पिन हॅमरच्या दांड्याचा कान पकडून त्याला वर नेते, मग निसटते आणि हॅमर खाली पडतो. म्हणजे चकतीच्या एका फेरीत तीन ठोके. तो चालू झाला. ठक्क, ठक्क, टक. ठक्क, ठक्क, टक. प्रत्येक तिसरा ठोका हलका. मी खुर्चीत बसलेला उठून उभा राहिलो. हा आवाज मला माहीत होता. दोन वर्षांपूर्वी चकतीत तिसऱ्या पिनेचं भोक पाडताना ड्रिल सरकलं होतं आणि ते अर्धा मिलिमीटर आत गेलं होतं, त्यामुळे ती पिन हॅमरला कमी उचलते. मी तेव्हा त्या नेरूळवाल्याला म्हणालो होतो की नवीन चकती करून देतो दोन दिवसांत, तो म्हणाला होता राहू द्या काका, शोकेसमध्ये कोण ऐकतंय.

तरीही खात्री करावी म्हणून बायकोचं नेलपॉलिश रिमूव्हर घेतलं, कापसावर घेऊन तळाच्या आतल्या बाजूला घासलं. जुना भट्टीत भाजलेला रंग सहजासहजी हलत नाही, इथे मात्र कापूस एका घासात काळा. (हे फक्त आतल्या लपलेल्या कोपऱ्यात करा आणि छापील चित्रांच्या पत्र्यावर अजिबात करू नका, अस्सल असेल तर तुम्हीच त्याची वाट लावाल.) अजून घासलं तर खालून पिवळा रंग आला, त्यावर निळी अक्षरं, उलटी. हॅमर फिरवून वाचलं, ‘ळ वजन’. निव्वळ वजन मधलं. आमच्याच स्वयंपाकघरातल्या शेंगदाणा तेलाचा डबा. न्यूरेंबर्गच्या कारखान्यात मराठीत निव्वळ वजन कोण छापणार.

बायको मागे उभी होती, ती काहीच बोलली नाही, गॅस बंद करून येऊन शेजारी बसली फक्त.

मग फोन केला तर नंबर बंद. यूपीआयवर पैसे ज्याच्या नावाने गेले ते नाव तिसरंच. नेरूळवाल्याचा नंबर लागला, तो सरळ म्हणाला काका मी तर केव्हाच विकली ती तिन्ही, रिपेअरचा माल म्हणूनच विकली, पुढे कुणी काय म्हणून विकलं मला काय माहीत. खरं खोटं देव जाणे, पण रंग लावू नका आणि पंच करू नका हे त्यानेच सांगितलं होतं, हे मी विसरणार नाही.

माझी इथली चूक नीट ऐका कारण ती तुमच्याकडून होऊ नये. मी लाजेपोटी नऊ दिवस कुणाला बोललो नाही. मुलाला कळल्यावर त्याने लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावला आणि सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली. तिथे कळलं की पैसे गेल्या गेल्या, पहिल्या काही तासांत कळवलं तर ते पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते, नऊ दिवसांनी खात्यात काय राहणार. रोख २२ हजारांची तर पावतीच नाही. आणि तो ‘ओरिजिनल १९२८’ हे कायम फोनवर बोलला, चॅटमध्ये फक्त ‘जुना हॅमर, फोटो प्रमाणे’ एवढंच. म्हणून सांगतो, वस्तू कोणत्या कंपनीची, कोणत्या काळातली, कुठला पार्ट बदललाय, हे त्याच्याकडून चॅटमध्ये लिहून घ्या. खरा विकणारा दोन ओळी लिहायला कधी कां कू करत नाही.

आणि जे मला माहीत असून मी बघितलं नाही ते सांगतो. जीबीएन म्हणजे गेब्रूडर बिंग न्यूरेंबर्ग, हा शिक्का जुना आहे, पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी बीडब्ल्यू म्हणजे बिंग वेर्के असा बदलला. म्हणजे १९२८ चा माल आणि त्यावर जीबीएन हे जमतच नाही, आणि हे मी स्वतः दहा जणांना सांगितलेलं आहे. घाई झाली की डोक्यातलं सगळं पुसलं जातं. तो शिक्का नंतर घरी घड्याळवाल्याच्या भिंगाखाली धरला तर त्यात निळे गुलाबी पिवळे बारीक ठिपके, म्हणजे घरच्या प्रिंटरवर काढलेला स्टिकर, वरून वार्निश. खांबाच्या मागच्या बाजूला एक फुलीचा स्क्रू होता, मी दिला तेव्हा तो नव्हता. फुलीचे फिलिप्स स्क्रू बाजारात आले तेच १९३०च्या दशकात, त्याआधीच्या खेळण्यावर तो दिसला तर निदान तो स्क्रू तरी नंतरचा. तो सूचनांचा पिवळट कागद नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चखाली धरला तर पांढराशुभ्र निळसर चमकला, आजच्या कागदात पांढरेपणासाठी रसायन घालतात त्याची ती चमक, १९२८ च्या कागदाला ती यायचं कारण नाही. चहाच्या पाण्यात बुडवून वाळवला असणार. असंच कुणी युद्धापूर्वीचं म्हणून दाखवलं आणि खाली वेस्ट जर्मनी लिहिलेलं असेल तर ते १९४९ च्या आधीचं असूच शकत नाही, आणि यूएस झोन (म्हणजे अमेरिकेच्या ताब्यातला जर्मनीचा भाग) लिहिलेलं असेल तर ते युद्ध संपल्यानंतरच्या त्या चार-पाच वर्षांतलं.

भिंग आणि टॉर्च, दोन्ही मिळून पाचशे रुपयांत येतात आणि शर्टाच्या खिशात मावतात. मी आता त्याशिवाय घराबाहेर पडत नाही. जो माणूस दिवसाउजेडी वस्तू उलटी करून बघू देत नाही, चालवून बघू देत नाही, त्याच्याकडून मी आता काही घेत नाही, मग बंगलोरचे दोन असोत की वीस.

प्रतिकृती बनवणाऱ्यांना वेगळं सांगायचंय. प्रतिकृती करण्यात काहीही वाईट नाही, मोडकी मशीनं त्यामुळेच परत चालतात, आणि मी बंद केलेलं नाही. पण आता प्रत्येक नगाच्या तळाला २ मिलिमीटरच्या अक्षरपंचने ‘प्रतिकृती, ठाणे’ आणि साल ठोकतो, रंगाखाली नाही तर पत्र्यातच खोल, की घासून काढायचं तर पत्रा फाटला पाहिजे. बनवताना आतून बाहेरून फोटो काढून ठेवतो. पंच नको म्हणणाऱ्याचं काम घेत नाही, दोघं परत गेले, जाऊ देत.

आता ज्यासाठी मुख्यतः हे लिहिलं ते. हॅमर माझ्याकडे परत आला, पण करवत आणि ग्राइंडर अजून बाहेर फिरतायत, माझ्याच हातचे, खाली कसलीही खूण नसलेले, आणि कुणीतरी ते बिंगचे म्हणून विकणार किंवा विकून झालेही असतील. ओळख सांगतो. करवतीचं टेबल सव्वा मिलिमीटर जाड पितळेचं, पातं ४० मिलिमीटरचं, हाताने कानसलेले २४ दात, नीट बघितलं तर दातांमधलं अंतर सारखं नाही. ग्राइंडरचा दगड २५ मिलिमीटरचा, सुरीला धार लावायच्या तुटलेल्या दगडातून कापलेला, राखाडी, मध्ये एक फिकट शीर आहे. त्याच्या पुलीला दोन खाचा आहेत आणि पुली काढली की मागच्या तोंडावर सेंटर पंचचे दोन ठिपके शेजारी शेजारी दिसतील, पहिला पंच घसरला होता. दोन्हीचे शाफ्ट सायकलच्या स्पोकचे, दोन्हीचे तळ त्याच पिवळ्या डब्याचे.

कुणाला यातलं काही ऑफर झालं, किंवा आधीच घेतलं असेल, तर मला तळाचा आणि पुलीच्या मागचा फोटो पाठवा, मी बघून लगेच सांगतो. ठाण्यात कुणाकडे असेल तर घेऊन या, मी समोर बसून त्यावर पंच मारून देतो, पिन वगैरे काही ढिलं झालं असेल तर तेही नीट करून देईन.