दहा वर्षं थांबायला सांगून विकलेली वाईन

मराठवाड्यात सध्या अमेरिकेतल्या डोंगरावरची महागडी रेड वाईन ‘सेलरिंग’सकट विकणारे लोक फिरत आहेत. वाईन आज विकत घ्यायची, त्यांच्याच तळघरात दहा वर्षं मुरू द्यायची, मग वाटलं तर प्यायची, नाहीतर चौपट भावाने विकायची, असा हा व्यवहार. माझे एक लाख ऐंशी हजार रुपये त्यात गेले. लातूरच्या एका डॉक्टरांचे माझ्याहून कितीतरी जास्त गेले. जालन्यातल्या आणखी काही ओळखीच्या घरांत तसल्याच पावत्या कपाटात जपून ठेवलेल्या आहेत, आणि त्यांतल्या काहींना अजूनही वाटतं की आपली वाईन कुठेतरी गारव्यात निवांत मुरतेय. त्यांच्यासाठी आणि यापुढे ज्यांना फोन येतील त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आमची कडवंचीच्या बाजूला द्राक्षबाग आहे. एप्रिलची खरडछाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, यातच मी वाढलो. खायच्या द्राक्षात आमचा सगळा जीव मणी फुगवण्यात असतो. विरळणी करा, जीएमध्ये, म्हणजे मणी वाढवणाऱ्या संजीवकात, घड बुडवा, मणी मोठा झाला पाहिजे, साल पातळ राहिली पाहिजे. वाईनच्या द्राक्षाचं नेमकं उलटं. मणी जितका बारीक, तितकं रसाच्या मानाने सालीचं प्रमाण जास्त, आणि लाल वाईनचा रंग आणि तुरटपणा मुख्यतः सालीतूनच येतो. डोंगरउतारावरची जमीन हलकी आणि उथळ, पाणी थांबत नाही, वेल अर्धपोटी राहते, मणी आपोआप बारीक होतो. म्हणून डोंगरावरची कॅबरने सोव्हिन्यो (लाल वाईनच्या द्राक्षाची एक जात) गडद होते, नवी असताना कडक लागते आणि नीट ठेवली तर पंधरा-वीस वर्षं टिकते, नुसती टिकत नाही तर सुधारते. हे सगळं खरं आहे. मला या विषयाची मनापासून आवड आहे, आणि ज्या माणसाने मला ही वाईन विकली त्याने नेमका त्या आवडीलाच हात घातला.

खुलताबादच्या घाटाजवळच्या एका फार्महाऊसवर त्याने टेस्टिंग ठेवलं होतं. निमंत्रण ओळखीतून आलं. मोजकी माणसं, मोठ्या पेल्यांची रांग, मधे कोरडे पाव आणि पाणी, म्हणजे बैठक अगदी रीतसर. माणूस बोलायला गोड. मला म्हणाला, “सर, तुम्ही बागायतदार. तुम्हाला मी काय सांगणार? तुम्ही घोट घ्या आणि मलाच सांगा.” वाईन होती कॅलिफोर्नियातल्या नापा व्हॅलीच्या वरच्या हॉवेल माउंटनची म्हणे. पेला तिरका धरला तर काठापर्यंत काळपट जांभळी. वासाला पिकलं जांभूळ, मागे मिरी. घोट गिळल्यावर हिरडा चघळल्यासारख्या हिरड्या आखडल्या आणि तरी तोंडात फळाची चव बराच वेळ रेंगाळली. वाईन उत्तम होती, याबद्दल आजही माझं दुमत नाही. पण ती आली डिकँटरमधून, म्हणजे वाईन हवेवर ठेवायच्या काचेच्या सुरईतून. रिकामी बाटली शेजारी मांडून ठेवली होती, आमच्यासमोर बूच निघालंच नाही. कारण विचारलं तर म्हणाला, इतकी कडक वाईन काही तास हवेवर ठेवल्याशिवाय देता येत नाही. हेही खरंच आहे. जाणकार लोक असंच करतात.

या माणसाचं सगळं काम अशा खऱ्या गोष्टींवर चालतं. तळघर बघायला येऊ का, असं विचारलं तर उत्तर आलं की दार उघडलं की तापमान हलतं, बाटल्यांना धक्का लागला की गाळ ढवळतो. खरं आहे. एखादी बाटली आत्ता काढून द्या म्हटलं तर, आत्ता उघडलीत तर नुसता तुरटपणा मिळेल, पैसे वाया जातील. तेही खरं. वाईन चांगली लागली तर ती त्याची करामत, वाईट लागली तर ती अजून मुरलेली नाही, आणि मिळालीच नाही तर ती मुरतेय. ज्या मालाचं मोल थांबण्यातच आहे, त्या मालात लबाडी उघडी पडायला दहा वर्षं लागतात, आणि दहा वर्षांत विकणारा कुठल्या कुठे जातो. हे एवढं ध्यानात ठेवा, बाकीचं विसरलात तरी चालेल.

भाव त्याने बाटलीला साडेसात हजार लावला, ‘ड्यूटी भरून’. सहा बाटल्यांचं एक खोकं, अशी मी चार खोकी घेतली. या आकड्यावर थोडं थांबायला हवं, कारण फसवणूक आकड्यातच लिहिलेली असते. हॉवेल माउंटनची नाव असलेली कॅबरने तिकडे वाइनरीच्या दारातच शंभर डॉलरच्या वर जाते, म्हणजे तेव्हाचे साधारण साडेआठ हजार रुपये. अमेरिकेतून येणाऱ्या वाईनवर तेव्हा आपल्याकडे १५० टक्के आयात शुल्क होतं. म्हणजे बंदरातून बाहेर पडतानाच ती एकवीस हजारांच्या पुढे गेली, आणि त्यावर राज्याचे कर, आयातदाराचा आणि दुकानदाराचा नफा वेगळाच. तिथल्या दारातल्या भावाहूनही स्वस्तात, शुल्क भरलेली बाटली संभाजीनगरात कोणी देऊच शकत नाही.

पैसे भरल्यावर गुळगुळीत कागदावरचं प्रमाणपत्र मिळालं. प्रत्येक बाटलीचा नंबर, सेलरमधला कप्पा, खाली सही-शिक्का. दर महिन्याला व्हॉट्सअॅपवर तापमानाचा फोटो यायचा, कायम १३ अंश. माहितीपत्रकात लिहिलं होतं की दौलताबादच्या डोंगरात कोरलेलं हे नैसर्गिक तळघर आहे आणि यंत्राशिवाय बारा महिने १३ अंशांवर राहतं. मराठवाड्यातल्या प्रत्येकाने हे वाक्य तपासून बघावं. जमिनीत काही मीटर खोल गेलं की तिथलं तापमान त्या प्रदेशाच्या वर्षाच्या सरासरीइतकं राहतं. फ्रान्समध्ये शँपेनच्या तळघरांत १०-१२ अंश मिळतात, कारण तिथली वर्षाची सरासरीच तेवढी कमी आहे. आपल्याकडे ती पंचवीस-सव्वीसच्या घरात आहे. वेरूळच्या लेण्यांत मे महिन्यात गार वाटतं, कारण बाहेर बेचाळीस असतात. तिथे थर्मामीटर ठेवला तर १३ दिसणार नाहीत. या मातीत नैसर्गिक वाईन सेलर होऊच शकत नाही. इथे वाईन जपायची तर यंत्र लागतं, त्याला इन्व्हर्टर लागतो, आणि त्याचं वीजबिल कोणीतरी भरत असतं.

त्याच माहितीपत्रकात हॉवेल माउंटनची बाग सहा हजार फुटांवर दाखवली होती, मागे बर्फाची शिखरं. हा भाग १९८३ मध्ये वेगळा वाईनप्रदेश म्हणून मान्य झाला तो १४०० फुटांच्या वरची जमीन म्हणून, आणि तिथल्या बहुतेक बागा दोन हजारांच्या आगेमागेच आहेत. १४०० फूट ही रेघ का, तर खाली नापाच्या खोऱ्यात समुद्रावरून येणारं धुकं साचतं आणि डोंगर त्या धुक्याच्या वर राहतो. त्यामुळे वर सकाळपासून ऊन मिळतं आणि रात्र खोऱ्यापेक्षा उबदार असते. पत्रकात मात्र ‘दिवसरात्रीच्या तापमानातला प्रचंड फरक’ छापलं होतं. ते वर्णन अर्जेंटिनातल्या मेंडोझा किंवा साल्टाच्या उंच बागांचं आहे. कुठूनतरी उचलून जोडलेलं.

बिंग फुटलं ते लातूरच्या डॉक्टरांमुळे. मुलीच्या लग्नासाठी हवीच म्हणून हट्ट धरून त्यांनी एक बाटली मिळवली होती. त्यांचा फोन आला, “अहो, तुम्ही या आणि ही एकदा बघा बरं. मला तर यात वाईनच दिसेना.” त्यांच्या जेवणाच्या टेबलावर ती बाटली आम्ही नीट पाहिली. तोंडावरचं वेष्टण बोटाने फिरवलं तर फिरेना. आतून चिकटलं होतं. ते कापलं तर बूच काचेच्या काठाच्या वर आलेलं आणि त्याच्या एका अंगाने वाळलेला, चिकट, तपकिरी ओघळ. उष्णतेने वाईन फुगली की बूच वर सरकतं आणि वाईन पाझरते, ही तापलेल्या बाटलीची खूण. बुचावर वाइनरीचं नाव नाही, साल नाही. तेही अखंड नव्हतं, भुसा दाबून केलेलं. पेल्यात ओतली तर काठ विटकरी, वास शिजलेल्या मनुक्यांचा, चव आंबट आणि मधे पोकळ.

लेबल त्याहून बोलकं. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार नापाच्या आतल्या कुठल्याही उपप्रदेशाचं नाव लेबलावर टाकलं, तर ‘नापा व्हॅली’ हे शब्दही टाकावेच लागतात. हा नियम १९९० पासून आहे. या बाटलीवर हॉवेल माउंटन ठळक होतं, नापा व्हॅली कुठेच नव्हतं. मागे आयातदाराचं नाव-पत्ता नाही, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना क्रमांक नाही, एमआरपी नाही, मद्यपान आरोग्याला हानिकारक असल्याचा इशारा नाही. भारतात कायदेशीररीत्या आलेल्या बाटलीवर हे सगळं असतंच.

मग मी प्रमाणपत्र परत काढलं. सेलरच्या पत्त्यात गट क्रमांक दिला होता. सातबारा ऑनलाइन काढला, तर जिरायत जमीन, भलत्याच शेतकऱ्याच्या नावावर. तळघर सोडा, दौलताबादचा डोंगरही तिथून लांब. डॉक्टर आणि मी तिथे गेलो. रस्त्याच्या कडेला पत्र्याचं शेड. शेतकऱ्याने कुलूप काढलं, कारण त्याचंही भाडं थकलं होतं. “सायब लोक दिवाळीपासून फिरकलेच न्हाईत बगा. एक कूलर व्हता, त्यो बी घिऊन गेले,” तो म्हणाला. आत खोकी एकावर एक रचलेली, बाटल्या उभ्या, काही खोकी नुसती रिकामी. चांगल्या वाईनला १२ ते १४ अंश, अंधार आणि आडवी ठेवण लागते, म्हणजे बूच ओलं राहतं, सुकून आकसत नाही. इथे उन्हाळ्याच्या दुपारी पत्र्याखाली आम्हाला दोन मिनिटं उभं राहवेना. ज्या बाटल्यांत कधीकाळी खरी वाईन असेलही, ती इथे पहिल्याच उन्हाळ्यात मेली असणार.

असली लबाडी मोठमोठ्या जाणकारांच्या बाबतीतही झालेली आहे. न्यूयॉर्कमध्ये २००८ साली रूडी कुर्नियावान नावाच्या संग्राहकाने लिलावाला काढलेल्या, फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या वाईनच्या काही बाटल्यांवर १९४५ सारखी सालं होती, आणि ज्या घराण्याच्या त्या म्हणवल्या जात होत्या ते घराणं ती वाईन १९८० च्या दशकापासूनच करत होतं. घराण्याचे लोराँ पोन्सो स्वतः विमानाने तिथे गेले आणि त्यांनी त्या बाटल्या मागे घ्यायला लावल्या. कुर्नियावानला २०१४ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत प्रीमियर क्रू हे दुकान अजून न आलेली वाईन आगाऊ पैसे घेऊन विकायचं, नव्यांच्या पैशातून जुन्यांना बाटल्या द्यायचं. २०१६ मध्ये ते दिवाळखोरीत गेलं आणि त्याच वर्षी मालकाला तुरुंगवास झाला. आपल्याकडचा माणूस यातलं दुसरं तंत्र वापरतोय. फरक इतकाच की त्याने उरलेल्यांना पत्र्याखालची बाटलीसुद्धा दिली नाही.

चौपट भावाने विकून देण्याची भाषा तर सरळ बेकायदा आहे. महाराष्ट्रात दारूबंदी कायदा १९४९ लागू आहे. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याशिवाय तुम्ही-आम्ही एक बाटलीही कुणाला विकू शकत नाही, आणि विक्रीसाठी साठवूही शकत नाही. म्हणजे ज्या ‘गुंतवणुकी’चं स्वप्न दाखवलं जातं, तिला बाहेर पडायचा दरवाजाच नाही. त्याच्याकडे साठवणुकीचा परवाना आहे का, हे पैसे देण्याआधी जिल्ह्याच्या उत्पादन शुल्क कार्यालयात जाऊन विचारता येतं. तिथे मला अतिशय नीट उत्तर मिळालं. त्या नावाने कुठलाच परवाना नव्हता.

ज्यांना अशी वाईन खरोखर चाखायची असेल त्यांनी परवानाधारक दुकानातून एकच बाटली घ्यावी, पावतीसकट. टेस्टिंगला बाटली डोळ्यांसमोर उघडायला सांगावी, बूच हातात घेऊन बघावं. डिकँटर नंतर आला तरी काही बिघडत नाही. ठेवायची तर स्वतःच्या घरात, स्वतःच्या वाईन फ्रीजमध्ये. दुसऱ्याच्या तळघरातली बाटली आपली नसते.

आमची तक्रार आर्थिक गुन्हे शाखेकडे दिली आहे, शेडचा पंचनामा झाला आहे. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. पैसे ऑनलाइन नुकतेच गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. लातूर, नांदेड, परभणी, बीडकडे ज्यांच्याजवळ तसली प्रमाणपत्रं असतील त्यांनी त्यावरचा गट क्रमांक आज सातबाऱ्याशी ताडून पाहावा. चॅट पुसू नका, तापमानाचे ते फोटोसुद्धा ठेवा, पुढे उपयोगी पडतील. मूळ कागद पोलिसांना देताना पोच घ्या. बाटली हातात आलेली असेल तर ती उघडू नका आणि फेकूही नका, वेष्टणासकट पंचनाम्यात जमा करा. एकट्याची तक्रार बाजूला पडते, म्हणून डॉक्टर आणि मी आमच्या अर्जात इतरांची नावं जोडून घ्यायला तयार आहोत.