मागे ड्रम की डिस्क? खाऱ्या वाऱ्यात गाडी ठेवणाऱ्यांसाठी

गाडीचे मागचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवून घ्यावेत का, हा प्रश्न गुहागर-चिपळूण पट्ट्यातले बरेच ओळखीचे विचारतात. आमच्या अंगणात दोन्ही प्रकार उभे आहेत. जुन्या सेडानला मी मागे डिस्क करून घेतल्या, त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटचे भाग मिळवून. नंतर आलेल्या हॅचबॅकच्या वेळी पुन्हा तोच विचार झाला आणि ती ड्रमवरच ठेवली. त्यामुळे इथे जे सांगतोय ते वापरून आलेलं मत आहे, मोजमाप नव्हे.

डिस्कचं जे चांगलं आहे ते आधी सांगतो. माणसांनी भरलेली गाडी, डिकीत सामान आणि कुंभार्ली घाटाचा उतार, एवढं जमलं की फरक पायाला कळतो. ड्रम म्हणजे चाकासोबत फिरणारा बंद डबा. तो तापला की फुगून आतल्या लायनरपासून, म्हणजे त्याला आतून घासणाऱ्या अस्तरापासून, लांब जातो आणि पेडल खाली जायला लागतं. डिस्क ही चाकासोबत फिरणारी चकती. ती उघड्यावर असते, वाऱ्याने निवते. पोफळीत उतरेपर्यंत सेडानचं पेडल जागचं हलत नाही. पाण्यातून गेल्यावरही तेच. डिस्कवरचं पाणी लगेच उडून जातं, ड्रममध्ये शिरलेलं पाणी लायनर सुकेपर्यंत छळतं. जुलै 2021 च्या पुरात चिपळुणात ज्या गाड्या बुडाल्या, त्यांचे ड्रम उघडून आतला गाळ काढावा लागला.

तरी घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरला तर ड्रमवालीही कुरकुर करत नाही. ब्रेक दाबला की वजन पुढे येतं, त्यामुळे थांबवायचं साधारण 70 टक्के काम पुढचीच चाकं करतात. मागे डिस्क लावली म्हणून गाडी फार लवकर थांबेल, ही अपेक्षा धरू नका. उलट पुढच्या-मागच्या दाबाचं प्रमाण जुळलं नाही, तर पावसाळ्यात तांबड्या चिखलावर मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडीची शेपटी फिरते. म्हणून काम नुसत्या कॅलिपरवर (डिस्कला दोन्हीकडून पॅडने चिमटणारा भाग) भागत नाही. मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ब्रेक ऑइलला देणारा), प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (पुढच्या-मागच्या दाबाची वाटणी करणारा), हँडब्रेकच्या केबली, चाकं लॉक होऊ न देणाऱ्या एबीएसचे सेन्सर, सगळंच तपासावं लागतं.

माझ्यापुरता निकाल लावला तो हँडब्रेकने. ड्रममध्ये हँडब्रेकची केबल सरळ लायनर पसरवते आणि हे सगळं झाकणाच्या आत चालतं. मागच्या कॅलिपरला मात्र बाहेरून एक छोटा लिव्हर असतो. त्याचा शाफ्ट कॅलिपरच्या आत जाऊन स्क्रूने पॅड दाबणारा पिस्टन पुढे ढकलतो. शाफ्टवरचं रबर जरा चिरलं की खारी, दमट हवा आणि जांभ्याची धूळ आत जाते. मग हँडब्रेक खाली केला तरी लिव्हर पुरता मागे येत नाही. गाडी चालते, पण जड चालते. घरी येऊन उतरावं तर जळका वास, मागचं एक चाक हात लावू देत नाही आणि दुसरं जेमतेम कोमट. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिनाही गंजलेल्या असतात, त्यामुळे पॅड बाहेर काढला की आतला पार पत्र्याला टेकलेला आणि बाहेरचा अजून निम्मा शिल्लक. दर पावसाळ्यानंतर हेच. तेल मारून, लिव्हर हलवून काही दिवस निघतात, पण दुखणं जात नाही.

त्यात नवे पॅड घालताना हा पिस्टन फिरवत फिरवत आत न्यायचा असतो. सी-क्लॅम्प (स्क्रूने आवळायचा शिकंजा) लावून रेटला की आतली यंत्रणा गेली आणि कॅलिपर नवा घ्यावा लागला. फिरवायचं टूल आमच्या भागात सगळ्यांकडे असतंच असं नाही, म्हणून ते मी डिकीतच ठेवतो.

आमच्याकडे घरं उतारावर. घाट उतरून आल्यावर गरम डिस्क निवताना आकसते आणि हँडब्रेकची पकड ढिली होऊ शकते. ड्रम निवताना उलट लायनरवर आवळतो. सेडान उभी केल्यावर थोड्या वेळाने मी हँडब्रेक आणखी एक-दोन दात वर ओढून येतो. हॅचबॅकच्या वेळी हा घोर नसतो.

ड्रमलाही खोड आहे. पावसात गाडी काही दिवस उभी राहिली की लायनर ड्रमला चिकटतात आणि निघताना मागून ‘खाड्’ आवाज येतो. गणपती ते शिमगा गाडी गावी ठेवून मुंबईला जाणाऱ्यांनी हँडब्रेक लावूच नये. पहिला गिअर आणि चाकामागे दगड पुरतो. पण तेवढ्याच मुक्कामात डिस्कवर पॅडखालचा गंज असा बसतो की पुढे ब्रेक दाबताना पाय थरथरतो. फोक्सवॅगनने आयडी.3 या इलेक्ट्रिक गाडीला मागे मुद्दाम ड्रम दिले, त्यामागेही गंजाचा विचार आहे. तिचे मागचे ब्रेक कमी वापरले जातात, आणि न वापरलेली डिस्क गंजते.

कागदपत्रांचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करू देत नाही, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकच लावला. आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांना आधी विचारा.

रोज घाट चढउतार करणाऱ्याने डिस्क घेतली तर मी अडवणार नाही. फक्त डिस्कच्या मधल्या वाटीत हँडब्रेकपुरता छोटा ड्रम असतो तो प्रकार तुमच्या मॉडेलला बसतो का, ते आधी शोधा. माझ्या सेडानला तो बसत नव्हता. बाकीच्यांनी मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत, ड्रम उघडून धूळ काढावी, लायनरचं ड्रमपासूनचं अंतर राखणारा अ‍ॅडजस्टर मोकळा करावा, ब्रेक दाबल्यावर लायनर पसरवणारा व्हील सिलिंडर पाझरत नाही ना ते पाहावं. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावं, आपल्या हवेत ते ओल धरतंच. हॅचबॅकचं हे सगळं एका दुपारी उरकतं, आणि एका कॅलिपरच्या पैशात लायनरचे कितीतरी सेट येतात.