गच्चीवर कोणती आमरी लावावी: ब्रासाव्होला की सीतेची वेणी?

कोल्हापुरात ऑर्किड, म्हणजे आमरी, मागितलं की नर्सरीवाला आधी फॅलेनॉप्सिस पुढे करतो. फुलांचा तुरा दोन-तीन महिने टिकतो, त्यामुळे मोह होणं साहजिक आहे. फ्लॅटमध्ये पूर्वेची खिडकी असेल तर खुशाल घ्या. उघड्या गच्चीसाठी मात्र नको. एप्रिलच्या उन्हात त्याची रुंद पानं भाजतात आणि जुलैच्या झडीत शेंड्याच्या बेचक्यात पाणी साचून अख्खं झाड सडतं. गच्ची किंवा अंगण असलेल्याने खरा विचार करावा तो दोघींचा: परदेशी ब्रासाव्होला नोडोसा आणि आपली सीतेची वेणी.

ब्रासाव्होला मूळची मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकापर्यंतची आणि कॅरिबियन बेटांवरची. तिथे ती किनाऱ्याजवळच्या झाडांवर, अगदी खारफुटीवरसुद्धा वाढते. कधी खडकावर, कधी निवडुंगावरही दिसते. खारा वारा, कडक ऊन आणि मध्येच कोरडे दिवस हे तिच्या पाचवीलाच पुजलेलं. म्हणून पानं पन्हाळी असलेली, जाड, जवळजवळ गोल, पाणी साठवणारी. आपल्याला उपयोगी पडतो तो हाच गुण. चार दिवस गावाला गेलात आणि पाणी चुकलं, तरी ती रुसत नाही. आपल्या थंडीतले १४-१५ अंशही तिला सोसतात.

फूल हिरवट पांढरं, पाकळ्या सुतासारख्या आणि मधली ओठाची पाकळी पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची, पांढरीशुभ्र. दिवसा नाक लावलंत तर निराशाच होईल. वास सुटतो तो अंधार पडल्यावर, कारण तिचं परागीभवन रात्री उडणारे हॉक मॉथ जातीचे पतंग करतात. दिवसभर दुकानात किंवा ऑफिसात असणाऱ्याला हा हिशेब सोयीचाच. शिवाय रोप जोमात असेल तर वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा फुलतं. खरेदी करताना नाव मात्र नीट विचारा. बाजारात बऱ्याचदा ‘लिटल स्टार्स’ नावाचा संकर मिळतो. तो नोडोसाचाच वंशज, वाढवायला तितकाच सोपा, पण शुद्ध जात नव्हे.

सीतेची वेणी म्हणजे रिंकोस्टायलिस रेटुसा. राधानगरी, गगनबावड्याकडे उन्हाळ्याच्या शेवटी एखाद्या जुन्या झाडाच्या फांदीवरून गुलाबी-पांढरे घोस लोंबताना दिसतात, ती हीच. एका घोसात शंभराहून अधिक फुलं असू शकतात. आसामात हिला कोपौ फूल म्हणतात. ते त्यांचं राज्यफूल, आणि बिहू सणात बायका ते केसात माळतात. ऐन बहरातल्या वेणीपुढे ब्रासाव्होला साधी वाटते, हे कबूल करायलाच हवं. पण तो बहर वर्षातून एकदाच, दोन-तीन आठवड्यांचा. बाकीचे दिवस नुसती पट्ट्यासारखी पानं आणि बोटभर जाडीची मुळं बघायची तयारी हवी. एका जागेवरून दुसरीकडे हलवलं की ती फुलायचंच विसरते. कुंडीत तर तिची मुळं कोंडतातच.

गंमत अशी, की स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली या दोघींना एकाच एपिडेंड्रम प्रजातीत टाकलं होतं. झाडावर राहण्यापलीकडे दोघींत फारसं साम्य नाही, हे पुढच्यांनी निस्तरलं.

वेणी घ्यायची तर अंगणात आंबा, फणस असं खरखरीत सालीचं झाड असावं. ती बांडगूळ नाही, झाडाचा रस शोषत नाही. नुसता आधार घेते. तेव्हा घरच्यांनी आंब्याची काळजी करू नये. दुसरी अट जास्त महत्त्वाची: रस्त्याकडेला किंवा आठवडी बाजारात कुणी झाडावरून ओरबाडलेल्या वेण्या विकत असेल, तर घेऊ नका. अभयारण्यातून रोप काढणं हा गुन्हा आहेच, शिवाय मुळं तुटलेलं असं रोप जगण्याची शक्यताही कमीच. आमरीच्या बीला रुजताना विशिष्ट बुरशीची सोबत लागते, त्यामुळे जंगलातून गेलेलं एक झाड सहज भरून निघत नाही. प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं मिळतात. लहान असतात, फुलायला काही वर्षं घेतात, पण तीच घ्यावीत.

म्हणून माझं मत सरळ आहे. राजारामपुरीतल्या किंवा ताराबाई पार्कातल्या अपार्टमेंटच्या गच्चीवर पहिलंच ऑर्किड लावत असाल, तर ब्रासाव्होला. जुना वाडा, अंगण, मोठं झाड आणि भरपूर धीर असेल, तर वेणी. दोन्ही परवडत असतील तरी सुरुवात ब्रासाव्होलानेच करा. पाणी कधी द्यायचं आणि कधी हात आखडायचा, हे ती स्वस्तात शिकवते.

ब्रासाव्होला लाकडाच्या तुकड्यावर बांधा, नाहीतर कोळसा आणि विटांचे तुकडे भरलेल्या जाळीदार टोपलीत लावा. माती अजिबात नको. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी शेडनेट, सकाळचं ऊन मात्र मिळू द्या. सावलीत ठेवलीत तर पानं हिरवीगार होतील, फूल येणार नाही. पावसाळ्यात गोगलगायी मुळांची कोवळी टोकं खातात, म्हणून टांगून ठेवलेली बरी. वेणी पहिल्या पावसाच्या आधी, मेअखेरीस झाडाला सुतळीने बांधा. पावसात नवी मुळं सालीला धरतात आणि सुतळी कुजेपर्यंत रोप स्वतःच्या पायावर उभं राहतं. बोअरचं क्षारांचं पाणी दोघींनाही मानवत नाही. नळाचं द्या, किंवा पत्र्यावरचं पावसाचं पाणी पिंपात साठवून वापरा.