सुपर नेपियरचं ‘बियाणं’ विकणाऱ्यांपासून सावध राहा

मोबाईलवर फिरणारी ती जाहिरात तुम्हीही पाहिली असेल. माणसाच्या दुप्पट उंचीचं, गुरांच्या चाऱ्याचं हिरवंगार नेपियर गवत आणि खाली ओळ: ‘सुपर नेपियरचं अस्सल संकरित बियाणं, अठरा टक्के प्रथिनं, एकदा पेरा, सात वर्षं कापा.’ मी पैसे आगाऊ भरले आणि पाकीट घरपोच आलं. आत लाल रंग चोळलेले दाणे. पाकिटावर लॉट नंबर, उगवणक्षमता, चाचणीची तारीख यांतलं काही म्हणता काही नाही.

उगवण मात्र झकास झाली. लोक फसतात ते इथेच, कारण बी उगवलं म्हणजे माल खरा असं वाटतं. पानं रुंद होत गेली, मधली शीर पांढरी दिसायला लागली. एक रोप मुळासकट अलगद उपटून माती झटकली, तर मुळाशी अजून दाण्याचं टरफल चिकटलेलं होतं. ते चाऱ्याच्या ज्वारीचं होतं.

ज्याला आपण संकरित नेपियर म्हणतो, तो बाजरी आणि नेपियर यांचा संकर आहे. बाजरीची गुणसूत्रं 14, नेपियरची 28, आणि या दोघांच्या संकरात येतात 21. अशा विषम जोडीमुळे ते गवत वांझ राहतं. तुरा येतो, पण त्यात पेरण्याजोगं बी भरत नाही. साध्या नेपियरला थोडंफार बी धरतं, पण त्याची उगवण कमी आणि रोप मूळ झाडासारखं निघेलच याची खात्री नाही. म्हणून लागवड कांड्यांनी, म्हणजे खोडाच्या तुकड्यांनी, किंवा मुळं फुटलेल्या ठोंबांनीच होते. जे बी मुळात तयारच होत नाही, त्याचं पाकीट कुठून येणार?

पैसे बुडाले ते बुडाले, पण खरा धोका गोठ्यात होता. नेपियर समजून हे गवत गुडघाभर असतानाच कापून गाईंपुढे टाकलं असतं, तर काय झालं असतं याचा विचारही नको. कोवळ्या ज्वारीत, पाण्याचा ताण पडलेल्या ज्वारीत आणि कापणीनंतर आलेल्या कोवळ्या फुटव्यांत धुरीन नावाचं द्रव्य जास्त असतं. ते पोटात गेलं की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल हे जहाल विष सुटतं. जनावर धापा टाकतं, थरथरतं, आडवं होतं, आणि पशुवैद्य पोहोचेपर्यंत खेळ संपलेला असू शकतो. मी पीक फुलोऱ्यावर येऊ दिलं, मग कापलं, वाळवलं आणि मगच घातलं. लाल दाणे उरले होते तेही कोंबड्यांना टाकले नाहीत. तो रंग बहुधा बीजप्रक्रियेच्या औषधाचा असतो.

विक्रेत्याला फोन केला. ‘सर, पाणी जास्त झालं असणार, म्हणून गवत बदललं,’ म्हणाला. पाण्याने गवताची जात बदलते, हे ज्ञान मला तिथेच मिळालं! फोटो पाठवले, तर नंबर ब्लॉक.

जाहिरातीतले आकडेही तपासून घ्या. साधारण दीड महिन्याच्या कापणीला संकरित नेपियरमध्ये कोरड्या वजनावर प्रथिनं आठ ते दहा टक्क्यांच्या आसपास मिळतात, खत-पाणी चांगलं असेल तर थोडी जास्त. गवत जून झालं की ती घसरतात आणि खोड लाकडासारखं होतं. अठरा टक्के ऐकलं की सरळ पुढे चला.

कांड्या विकणारेही सगळे धुतल्या तांदळाचे नसतात. जमलं तर उभं शेत बघून, तीन-चार महिन्यांच्या पक्व खोडाचीच कांडी घ्या, शेंड्याकडची कोवळी नको. प्रत्येक कांडीला दोन डोळे, म्हणजे कोंब फुटण्याच्या जागा, हव्यात. डोळ्याजवळ नखाने खरवडून पाहा: आत हिरवं, ओलसर दिसलं तर जिवंत, तपकिरी दिसलं तर सरपण. कांड्या लांबून येणार असतील तर ओल्या गोणपाटात बांधून मागवा आणि आल्या की लगेच लावा. एक डोळा मातीत, एक वर, कांडी थोडी तिरपी. अंतर साधारण 90 बाय 60 सेंटिमीटर. पहिली कापणी दोन-अडीच महिन्यांनी, पुढच्या दर दीड महिन्याने, जमिनीपासून वीतभर बुडखा ठेवून. आणि ‘बी पेरा’ म्हणणारा पुन्हा भेटला, तर त्याला फुलोऱ्यातलं शेत दाखवायला सांगा आणि तुऱ्यातले दाणे तिथेच चोळून मागा.