एकदाच लॉगिन: नॅसवरची खाती की सांबा डोमेन?

उद्यमनगरातल्या पाच-सहा पीसींच्या वर्कशॉपला नॅसवरची, म्हणजे नेटवर्कवर फाइली ठेवणाऱ्या पेटीवरची, खाती पुरतात. विंडोजवर आणि नॅसवर तेच नाव, तोच पासवर्ड ठेवला की शेअर (सामायिक फोल्डर) पासवर्ड न विचारता उघडतो. पासवर्ड एकीकडे बदलून दुसरीकडे राहिला, की पासवर्डची चौकट पुन्हा डोकं वर काढते.

शिरोलीतल्या पंचवीस पीसींच्या फाउंड्रीत ही कसरत जमत नाही; तिथे सांबा या मोफत सर्व्हर-प्रोग्रामचं डोमेनच घ्यावं, म्हणजे सगळी खाती एकाच ठिकाणी राहतात. २०१२च्या ४.० आवृत्तीपासून सांबा स्वतः डोमेन कंट्रोलर (खाती सांभाळून लॉगिन तपासणारा सर्व्हर) होतो, परवान्याचा खर्च नाही. मात्र विंडोज होम डोमेनला जोडता येत नाही, प्रो लागतं. पैसे खरे तिथेच जातात.

जोडण्याआधी पीसीचा डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) राउटरवरून काढून कंट्रोलरवर वळवा, नाहीतर डोमेन सापडणारच नाही. सकाळच्या लॉगिनला कर्बेरॉस या डोमेनच्या ओळख पटवण्याच्या पद्धतीचं तिकीट मिळतं, नेहमीच्या सेटिंगला दहा तासांचं. शेअर सर्व्हरच्या नावानेच उघडा. आयपी टाकला तर विंडोज सहसा तिकीट बाजूला ठेवून एनटीएलएम या जुन्या पद्धतीकडे वळतं. शंका असेल तर कमांड प्रॉम्प्टवर ‘केलिस्ट’ (klist) चालवा: तिकिटांच्या यादीत ‘सीआयएफएस’ (cifs) आणि सर्व्हरचं नाव दिसलं की गाडी रुळावर.

एकच पीसी अडला, तर आधी घड्याळ बघा. पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक कर्बेरॉसला चालत नाही. लाइट जाऊन आल्यावर तारीख मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला.

आणि कंट्रोलर दोन ठेवा. एकुलता एक बसला, तर नव्या लॉगिनला शेअर बंद.