स्विमिंग पूलखालच्या पाण्याचा दाब: रिलीफ व्हॉल्व्ह (दाब सोडणारी झडप) घ्यावा की संप (भूजल उपसायची सोय)?

पूल भरलेला असला की आतल्या पाण्याचं वजनच त्याला दाबून धरतं, खरी भीती रिकामा केल्यावर, कारण भूजल तळापेक्षा 1 मीटर जरी वर असलं तरी खालून दर चौरस मीटरला साधारण 1 टन जोर लागतो आणि फायबरग्लासचा हलका पूल तर सरळ होडीसारखा वर येतो.

व्हॉल्व्ह स्वस्त, तळातल्या मेन ड्रेनमध्ये (पाणी निघायच्या जागेत) बसतो, लाइट लागत नाही, बाहेरचा दाब वाढला की आपोआप उघडून भूजल आत घेतो. पण सीलखाली एक खडा अडकला की नीट बंद होत नाही, मग बसा गळती शोधत! जाम झाला तर वरून कळतही नाही.

संप म्हणजे तळापेक्षा खोल, खडीत उभा केलेला भोकं पाडलेला पाइप, आत भूजल उपसायला सबमर्सिबल (पाण्यात बुडून चालणारा) पंप. खर्च जास्त, नंतर करायचं तर खोदकामाचा वैताग, वीज गेली की ठप्प. पण पाइपात मोजायची टेप सोडून पाणी कुठवर आलंय ते बघता येतं, मला हेच जास्त पटतं.

भूजल खोल असेल, पूल क्वचितच रिकामा होत असेल तर व्हॉल्व्ह पुरे. पाणी वर येणारी जागा किंवा फायबरग्लास असेल तर संपच, आणि नवीन बांधताय तर दोन्ही टाकून घ्या.